एकवीस रुपये आणि साठ रुपये

(बी. ए. द्वितीय वर्ष)

स्नेहसंमेलन असो, शिक्षकदिन असो वा गुणवंतांचा सत्कार असो, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात एक गोष्ट हमखास येते. एक गरीब मुलगा असतो. त्याच्या पायात चप्पल नसते. तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो आणि पुढे फार मोठा माणूस होतो. गोष्ट संपली की पाहुणे आम्हा खेड्यातील मुलामुलींकडे बोट करून म्हणतात, "पाहा! परिस्थिती कुणाच्या आड येत नाही. आड येतो तो तुमचा आळस!" टाळ्या होतात. मग आभारप्रदर्शन आणि चहा.

या गोष्टीतला मुलगा खोटा नसतो. पुष्कळदा तो म्हणजे डॉ. रघुनाथ अनंत माशेलकर. मला त्यांच्याविषयी अतिशय आदर आहे आणि त्या आदरापोटीच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. कारण ही गोष्ट आपल्यापुढे जशी सांगितली जाते तशी ती अर्धीच असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. उरलेली अर्धी गोष्टच ज्यांच्या घरातून पहिल्यांदा कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, अशा माझ्यासारख्यांच्या अधिक उपयोगाची आहे.

कोणी म्हणेल, डोणगावच्या कला शाखेतील मुलीला रासायनिक अभियंत्याशी काय करायचे? इतिहास, मराठी, अर्थशास्त्र हे तिचे विषय. पण थोर माणसाचे चरित्र कोणत्याही एका शाखेच्या मालकीचे नसते. शिवाय या चरित्रात एक हिशेब दडलेला आहे आणि तो समजायला रसायनशास्त्र लागत नाही. घरचा बाजारहाट ज्याने केला आहे त्याला तो सहज समजेल.

माशेलकरांचा जन्म 1 जानेवारी 1943 रोजी गोव्यातील माशेल या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि आई अंजनीबाई मुलाला घेऊन मुंबईत गिरगावात राहू लागल्या. पडेल ते काम करून त्यांनी मुलाला वाढविले. एकदा त्या कामाच्या शोधात गेल्या असता, तिसरी शिकलेली बाईच हवी, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. आपला मुलगा जगातले सर्वोच्च शिक्षण घेईल, असा निश्चय त्या माउलीने त्या दिवशी केला, असे माशेलकर सांगतात. बारा वर्षांचे होईपर्यंत ते अनवाणी फिरत आणि दिव्याखालचा अभ्यासही खरा आहे. इथपर्यंतची गोष्ट सर्व पाहुणे सांगतात.

आता हिशेब पाहा. प्राथमिक शाळा संपली आणि हायस्कूलच्या प्रवेशासाठी 21 रुपये लागणार होते. ते घरात नव्हते. आईने ते जमविले, पण जमवायला 21 दिवस लागले. तेवढ्या अवधीत चांगल्या शाळांचे प्रवेश संपून गेले होते. मुलगा हुशार होता, आईची जिद्द होती आणि शेवटी पैसेही जमले होते. तरीही दार बंद झाले, कारण पैसे उशिरा आले. मग त्यांना गिरगावातील युनियन हायस्कूल या गरीब शाळेत प्रवेश मिळाला.

पुढे 1960 साली ते शालान्त परीक्षेत गुणवत्ता यादीत अकरावे आले. एवढे यश मिळूनही शिक्षण सोडून नोकरी धरावी की काय, हा विचार घरात होताच. त्या वेळी सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. दरमहा 60 रुपये, सहा वर्षे. 1966 साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. सहा वर्षांचे सगळे मिळून 4320 रुपये होतात. एका माणसाचे आयुष्य, आणि आपल्या देशाच्या विज्ञानाचा एक मोठा अध्याय, या रकमेवर उभा राहिला.

एकाच मुलाच्या आयुष्यातल्या या दोन रकमा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकवीस रुपये उशिरा आले आणि दार लागले. साठ रुपये महिन्याच्या महिन्याला येत राहिले आणि दार उघडे राहिले. मुलगा तोच, गरिबी तीच, जिद्दही तीच. मग फरक कशात होता? फरक वेळेत होता. पेरणीच्या वेळी मिळालेली बियाण्याची पिशवी आणि दिवाळीला मिळालेली तीच पिशवी, यांची किंमत सारखी नसते, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो आणि मुलांना आळशी ठरवून मोकळे होतो.

पैशांइतकीच वेळेवर मिळालेली दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षक. युनियन हायस्कूल गरीब असले तरी तेथील शिक्षक गरीब नव्हते. तेथील भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाखाली कागद जाळून दाखविला आणि विखुरलेली शक्ती एकवटली की काय होते हे सांगितले. माशेलकर आजवर अनेक भाषणांतून हा प्रसंग सांगत आले आहेत. आपल्या यशाच्या कहाणीत ते आईचे, टाटा ट्रस्टचे आणि भावे सरांचे नाव आवर्जून घेतात. पाहुण्यांच्या भाषणातून नेमकी हीच नावे गळतात!

पुढच्या टप्प्यावर आणखी एक शिक्षक भेटले आणि त्यांची कथा थेट इंग्लंडपर्यंत जाते. केंब्रिज विद्यापीठात पीटर डँकवर्ट्स नावाचे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. हे गृहस्थ मूळचे भित्रे पुस्तकी पंडित नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, लंडनवर हवाई छत्रीने टाकलेले सुरुंग निकामी करण्याचे काम त्यांनी केले. जवळजवळ अठ्ठेचाळीस तास विश्रांती न घेता सोळा सुरुंग निकामी केल्याबद्दल त्यांना जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर वायू द्रवात कसा शोषला जातो, या प्रश्नावर त्यांनी मूलगामी संशोधन केले आणि 1959 ते 1977 या काळात केंब्रिजचे अध्यासन भूषविले. त्यांच्याकडे मनमोहन शर्मा हा जोधपूरचा, पण मुंबईत शिकलेला तरुण पीएच.डी. करून 1964 साली परत आला आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मुंबईत माटुंग्याला प्राध्यापक झाला. हेच प्रा. शर्मा पुढे, 1990 साली, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 

पदवीनंतर माशेलकर परदेशी जाण्याच्या विचारात होते. पण शर्मा सरांसारखा मार्गदर्शक इथेच लाभला म्हणून ते थांबले आणि 1969 साली त्यांनी मुंबईतच पीएच.डी. मिळविली. कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा या खेड्यातून आलेले डॉ. गणपती यादव हेही शर्मा सरांचेच विद्यार्थी आणि पुढे त्याच संस्थेचे कुलगुरू. केंब्रिजला शिकलेला एक शिक्षक योग्य वेळी परत येतो, तेव्हा त्याच्या मागून किती मुलांना वाट मिळते, हे यावरून दिसते. जालन्यालाही 2018 पासून या संस्थेचे केंद्र सुरू झाले आहे. जालना म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच की!

रासायनिक अभियंता नेमके करतो काय, हे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. घरी पाच माणसांचा भात कोणीही शिजवील. पण लग्नात हजार माणसांची पंगत असली म्हणजे घरचेच माप दोनशेपट करून भागत नाही. खालचा भात करपतो, मधला कच्चा राहतो आणि वरचा नुसता वाफाळतो. उष्णता मोठ्या भांड्यात सारखी पोचविणे हीच तर आचाऱ्याची विद्या. रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीत जे करतो ते कारखान्याच्या टाकीत घडवून आणणारा हा विज्ञानातला आचारीच होय. त्यातही माशेलकरांचा अभ्यास पाण्यासारख्या सरळ न वाहणाऱ्या पदार्थांचा. पिठले, रंग, टूथपेस्ट यांचे वाहणे पाण्याहून निराळे असते, ढवळले वा दाबले की ते बदलते. प्लास्टिक आणि धागे ज्यांपासून बनतात त्या बहुवारिकांचे द्रावही असेच वागतात. त्यांचे हे वागणे गणितात बसविणे, हे मोठे कष्टाचे काम आहे.

पीएच.डी.नंतर माशेलकर इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात गेले आणि तेथे अधिव्याख्याता झाले. तेथेच राहते तर ब्रिटनमधील एक नामवंत प्राध्यापक म्हणून त्यांचे नाव झाले असते. पण 1976 साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परत आले. 1989 मध्ये ते तिचे संचालक झाले आणि 1995 ते 2006 पर्यंत त्यांनी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे देशभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या मातृसंस्थेचे, महासंचालकपद सांभाळले. 1998 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि 2014 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

या काळातील एक प्रकरण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. हळदीने जखम भरते, हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. शेतात विळा लागला की आधी हळदीचा डबा आठवतो. असे असता 1995 साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या नावे याच उपयोगाचे पेटंट दिले गेले. माशेलकरांच्या परिषदेने 1996 साली त्याला आव्हान दिले. पण अडचण अशी की, परदेशात लोक ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या करतात, एवढे म्हणणे त्या वेळच्या अमेरिकी कायद्याला पुरेसे नव्हते. छापील पुरावा हवा होता. मग संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील मजकुरांसह 32 संदर्भ पुढे ठेवण्यात आले. त्यात 1953 सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. प्रयोगशाळेची लढाई होती, पण जिंकून दिली ती जुन्या ग्रंथांनी आणि ते वाचू शकणाऱ्या माणसांनी. हिंगोलीकडची हळद ज्यांच्या घरात येते त्या आम्हा मुलामुलींना यातून एवढे तरी कळावे की, आजीला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवणे हेही विद्येचेच काम आहे. आणि तेही वेळेवर केले पाहिजे, कारण आजी कायम राहणार नाही.

थोरांची पूजा करताना डोळे मिटून घ्यावेत, असे मला वाटत नाही. माशेलकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर 2006 मध्ये पेटंट कायद्यावर दिलेल्या अहवालात काही मजकूर दुसऱ्याच्या निबंधातून, त्याचा उल्लेख न करता, घेतल्याचे उघडकीस आले आणि फेब्रुवारी 2007 मध्ये तो अहवाल मागे घ्यावा लागला. पुढे सुधारून तो पुन्हा सादर झाला. हळदीच्या लढाईत ज्याने आधी लिहून ठेवले त्याचा मान राखला गेला, तोच नियम या ठिकाणी ढळला, हे म्हटलेच पाहिजे. असे म्हटल्याने मोठा माणूस लहान होत नाही, उलट तो आपल्यातला वाटू लागतो.

आता आपल्याकडे वळते. माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि आई दुसरीपर्यंत. कॉलेजात येणारी आमच्या घरातली मी पहिलीच. माझ्या पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर जमा झाली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाचे पहिले सत्र देऊन बसले होते. अर्ज दोनदा परत आला, कारण एका कागदावर वडिलांच्या नावापुढे 'राव' होते आणि दुसऱ्यावर नव्हते! दरम्यान फी आणि पुस्तकांसाठी घरचे चार क्विंटल सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर, भाव पडलेला असताना, विकावे लागले. कागदोपत्री मला पूर्ण रक्कम मिळाली. सोयाबीनमध्ये काय गेले याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

माझे तरी निभावले. शेजारच्या गावाहून येणारी माझी एक मैत्रीण परीक्षेचा फॉर्म मुदतीत भरू शकली नाही. विलंब शुल्कासह मुदत होती, पण ते शुल्क मूळ फीपेक्षाही जड वाटले. ती घरी बसली आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. वर्गात तिची भाषा सर्वांत स्वच्छ होती. तिच्या बाबतीत परिस्थिती आड आली की आळस? पाहुण्यांनी मला याचे उत्तर द्यावे.

यावर असा आक्षेप येईल की, मदतीचीच वाट पाहत बसायचे तर स्वतःच्या कष्टांना अर्थ काय? आक्षेप रास्त आहे. माशेलकरांना साठ रुपये मिळाले ते अकरावा क्रमांक आल्यावर, त्याआधी नव्हे. दिव्याखाली बसण्याचे काम कोणताही ट्रस्ट आपल्यासाठी करणार नाही, ते आपले आपणच करायचे. पण कष्ट हे बी आहे आणि वेळेवरची मदत हा पाऊस आहे. पाऊस पडला नाही म्हणून आपण बियाण्याला आळशी म्हणत नाही. तसेच गरिबी ही मोठेपणाची पाठशाळा आहे, असे जे सुचविले जाते तेही मला पटत नाही. तसे असते तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी शास्त्रज्ञ निघाले असते! माशेलकर मोठे झाले ते गरिबी असूनही, आणि काही माणसांनी नेमक्या क्षणी हात दिला म्हणून. त्यांनी स्वतः 2011 साली आईच्या नावाने पुरस्कार सुरू केला तो सामान्यांना परवडेल अशा संशोधनासाठी. गरिबीचे गोडवे गाणाऱ्याला असे काही सुचले नसते.

नुसते मत मांडून थांबू नये, म्हणून प्राचार्य, गुरुजनवर्ग आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे तीन सूचना ठेवते.

पहिली सूचना अशी की, महाविद्यालयाने एक छोटा विद्यार्थी निधी उभारावा आणि त्यातून फक्त प्रवेशाच्या व परीक्षेच्या फॉर्मच्या आठवड्यात उसनी रक्कम द्यावी. शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यावी. रक्कम थोडी चालेल, पण मागितल्यापासून दोन दिवसांत हाती पडली पाहिजे. स्नेहसंमेलनातील शाली, श्रीफळे आणि स्मृतिचिन्हे यांचा खर्च निम्मा केला तरी सुरुवात होऊ शकेल. पाहुणेही रागावणार नाहीत, रागावलेच तर त्यांना माशेलकरांची उरलेली अर्धी गोष्ट सांगता येईल.

दुसरी सूचना आम्हा विद्यार्थ्यांसाठीच आहे. द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या मुलामुलींनी प्रवेशाच्या दिवसांत रोज एक तास बसून नव्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासून द्यावेत. नावातला 'राव' जूनमध्ये सापडला तर वर्ष वाचते, मार्चमध्ये सापडला तर उपयोग नाही. याला पैसा लागत नाही, माणूस लागतो.

तिसरी सूचना गुरुजनांना नम्रपणे करते. सलग आठ दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याच्या घरी एक फोन जावा. हजेरीपटावर लाल रेघ ओढणे सोपे असते, पण त्या रेघेमागे बऱ्याचदा एखादे एकवीस रुपयांचे कारण दडलेले असते.

उद्या कोणी पाहुणे पुन्हा ती दिव्याखालची गोष्ट सांगतील, तेव्हा आपण जरूर टाळ्या वाजवू. तो मुलगा त्या टाळ्यांना पात्रच आहे. पण त्याबरोबरच दरमहा साठ रुपये पाठविणाऱ्यांसाठी, उन्हात भिंग धरून उभ्या राहिलेल्या भावे सरांसाठी आणि केंब्रिजहून परतलेल्या शर्मा सरांसाठीही वाजवू. परीक्षेच्या फॉर्मची मुदत दर वर्षीप्रमाणे याही वर्षी येणार आहे. तेव्हा आपल्या वर्गातील कोणाला एकवीस दिवस लागत आहेत, एवढे आपण एकमेकांना विचारले तरी पुष्कळ झाले.